साधेपणाची गादी

इंग्लंडात यॉर्कशरच्या एका खोऱ्यातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत पाद्री नाही, भजन नाही, मतदान तर मुळीच नाही. सगळे गप्प बसतात. देवाने आतून ढुसणी दिली तरच बोलतात. निर्णय घ्यायचा तर सगळ्यांचं मन एक व्हायला हवं. एकाचं जरी अडलं, की विषय पुढच्या महिन्यावर. सभेतल्या बाकांवर गाद्या घालायचा डोरकास अल्डर्सनचा विषय असा तीन वर्षं पुढच्या महिन्यावर होता.

चाळीस वर्षं ती त्या लाकडी बाकावर बसत आली होती. आता कंबर ऐकेना. या हिवाळ्यात गादी मिळाली नाही, तर घरीच बसावं लागणार. आणि घरी गप्प बसायला सोबतीला फक्त मांजर.

"साधेपणा, डोरकास, साधेपणा," दर वेळी अडून बसणारा एनॉक रायडिंग म्हणायचा. तो स्वतः पिसांच्या गादीवर झोपे. पण तो त्याचा घरचा मामला.

"बरं, मग माझ्यापुरती उशी आणते."

"म्हणजे उशीवाले आणि बिनउशीचे? आपण सारे समान ना गं?"

समानता अशी, की सगळ्यांचं बूड सारखंच दुखलं पाहिजे.

त्या रविवारी सभा उठवायची पाळी डोरकासची होती. तास झाला की पाळीवाल्याने शेजाऱ्याशी हात मिळवायचा. तोवर कुणी हलत नाही. शेजारी होता एनॉक.

तास झाला. डोरकासचे हात मांडीवरच. सव्वा तास. एनॉक खाकरला. 'वेळ झाली' म्हणावं, तर ते देवाने सुचवलं असं कुठल्या तोंडाने सांगणार? दीड तास. तो या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर. डोरकासच्या कंबरेत सुऱ्या फिरत होत्या, पण तिला तीन वर्षांचा सराव होता.

पावणेदोन तासांनी एनॉक समोरचं बाक धरून उठला. "मला आतून वाटतंय... गाद्यांच्या बाबतीत आपण फार कठोर झालो."

डोरकासने लगेच हात पुढे केला.

"विसरली होतीस का गं?" तो कुजबुजला.

क्वेकर खोटं बोलत नाहीत. "नाही रे. तुला कधी सुचतंय त्याची वाट बघत होते."

एनॉकने तिला उठायला आधाराचा हात दिला. दोघेही वाकडेच उभे राहिले.

पाठोपाठच्या महिन्याच्या कामकाजाच्या बैठकीत सगळ्यांचं मन दोन मिनिटांत एक झालं. चिटणीस मेबेलने 'ईश्वरी प्रेरणेने' असं लिहिलं आणि विचारलं, "जाडी किती?"

"चार बोटं," एनॉक म्हणाला. "साधीच."