घासलेला चाप

आमच्या या बर्फाळ मुलखात हरणांच्या शिकारीचा हंगाम दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो. त्या वर्षी ऑक्टोबरातच माझ्या नवऱ्याच्या, रायनोच्या, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. पुढे तर तर्जनी वाकेना, वाकली तर थरथरायची. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, सुधारेल असं सांगता येत नाही. रायनोने ते ऐकलं आणि घरी येऊन म्हणाला, "रायफलचा चाप फार जड झालाय."

मी म्हटलं, "चाप चाळीस वर्षं आहे तसाच आहे."

"तुला काय कळतंय बंदुकीतलं?"

तो गावातल्या लाहतीकडे गेला. लाहती बंदुका दुरुस्त करतो, कमी बोलतो. त्याने चाप दोनतीनदा ओढून पाहिला आणि रायफल परत दिली. "हा हलका करायचा नाही रायनो. तुझ्या बोटाला आता जाणीव कमी आहे. हलक्या चापावर बोट टेकलं तरी गोळी सुटेल."

"कामाचा कंटाळा आलाय म्हण ना सरळ," रायनो म्हणाला आणि तरातरा निघून आला.

मग त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि रायफल सुटी केली. खाणीच्या कारखान्यात त्याने उभा जन्म लोखंड घासण्यात घालवला होता, त्यामुळे त्याला थांबवायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. तरी म्हटलं, "लाहतीने नाही म्हटलंय ना? धंद्यातला माणूस आहे तो."

"लाहतीला लंगोट बांधत होते तेव्हा मी लोखंड घासत होतो."

दोन दिवस तो धार लावायच्या दगडावर चापाच्या आतलं, गोळी अडवून धरणारं इवलंसं पातं घासत बसला. डाव्या हाताने. उजवा मांडीवर पडलेला. मी वेलदोड्याचा पाव भाजला, त्याच्यापुढे ठेवला, तो तसाच सुकला. दुसऱ्या संध्याकाळी त्याने मला हाक मारली. चेहरा लग्नात होता तसा. "ये सायमा, ओढून बघ. लोण्यासारखा झालाय."

खरंच, बोट लागताच टक् झालं. मला भीती वाटली, पण त्याचं तोंड बघून मी "छान" म्हटलं. ते मी म्हणायला नको होतं.

रविवारी त्याचा धाकटा भाऊ आर्वो आला. शिकारीच्या दिवसांत दोघं मिळून रानातल्या झोपडीत राहायचे, एकाच ओट्यावर झोपायचे, एकमेकांच्या पुढेमागे चालायचे. आर्वोने आधी रायफल रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं. बोल्ट ओढून लावला, म्हणजे रायफल झाडायला सज्ज झाली. मग दस्ता जमिनीवर जरा आपटला.

टक्.

चापाला कुणी हातही लावला नव्हता.

आर्वोने पुन्हा बोल्ट ओढून दस्ता आपटला. पुन्हा टक्. त्याने रायफल टेबलावर ठेवली आणि भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, मी पुढे चालत असतो. तू मागे."

रायनो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मी पातं परत होतं तसं करतो."

"घासून गेलेलं परत कसं आणणार?" आर्वोने हळूच विचारलं.

"नवं पातं मागवू," मी म्हटलं. "लाहती बसवून देईल."

"आणि चाप ओढायला बोट कुठून मागवू?" रायनो म्हणाला.

आर्वोने त्याला झोपडीत नुसता ये म्हणून गळ घातली. शेकोटी सांभाळ, कॉफी कर, पत्ते खेळू. रायनो "बघू" म्हणाला. ते "बघू" आमच्या घरात नाही असंच असतं. जाताना आर्वो रायफल स्वतःबरोबर घेऊन गेला, रायनोने अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

पंधरा तारखेला उजाडताना उठले तर अंथरूण रिकामं. खिडकीतून पाहिलं. रायनो शिकारीचे नारिंगी कपडे घालून अंगणातल्या गाडीत बसला होता. काचेवर बर्फ साचलेला, इंजिन बंद. मी कोट चढवून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"आर्वोकडे झोपडीवर सोडू का?" मी विचारलं.

"नको."

"मग घरात चल. गारठशील."

"जरा बसतो."

त्याचा उजवा हात मी हातात घेतला. मी किती जोरात दाबला ते त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो.