मोटर कोणी भरली

शेवटच्या दिवशी आईने दीड मोटर भरली. तो शेवटचा दिवस आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिला तर नाहीच. दुसऱ्या मोटरीच्या राहिलेल्या खाचा तिने उद्यावर टाकल्या आणि हात धुवायला उठली.

मुलगी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती, लहानपणी बसायची तशीच.

"आई, चहा टाकू?" तिने मघाशी विचारलं होतं.

"सदुसष्ट," आई म्हणाली.

मोटर भरायची म्हणजे जळालेली तार काढून तिच्या खाचांत नवी तांब्याची तार गुंडाळायची, आणि गुंडाळताना फेरे मोजावे लागतात. मध्येच बोललं की मोजणी चुकते आणि मोजणी चुकली की मोटर तापते. म्हणून कामात असताना कोणी काही विचारलं, तर आई उत्तरादाखल पुढचा आकडाच मोठ्याने म्हणायची. घरातल्यांना त्यावरून सगळं कळायचं. सदुसष्ट म्हणजे थांब जरा. शंभरी ओलांडली असेल तर टाक चहा.

पुढच्या दुकानातून बाबा ओरडले, "सदुसष्ट कप? अगं, एवढी साखर नाहीये घरात!"

आई हसली नाही. हसली असती तर अडुसष्ट हुकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. 'कोणाला कधी त्रास दिला नाही हो,' असं भेटायला येणारे म्हणत राहिले. मुलीला ते काही पटलं नाही. आई भरपूर त्रास द्यायची. तारांवरची दोरी सैल बांधली म्हणून बाबांना एकच गाठ तीनतीनदा सोडायला लावायची, आणि बाबा कुरकुरले की म्हणायची, "सैल गाठ आणि सैल जीभ, दोन्ही एकाच घरात नकोत."

बाबांची जीभ सैल होती हे मात्र खरं. दुकानाची वाटणीच तशी झाली होती. पुढे बाबा: मोटर खोलायची, बेअरिंग बदलायचं, परत जोडायची आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवायचं. मागे आई: धूळ येऊ नये म्हणून दार लोटलेलं, समोर तार, कागदाच्या पट्ट्या, वार्निशचा डबा. दुसऱ्या दुकानांनी हात टेकलेल्या मोटरी इथे यायच्या आणि फिरत परत जायच्या. त्या कामात आईचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. गिऱ्हाइकं मात्र बाबांना 'उस्ताद' म्हणायची. मागच्या खोलीपर्यंत कोणी जातच नसे.

बाबांनी लपवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. "काय झकास भरलीय, उस्ताद!" असं कोणी म्हटलं की ते छाती फुगवून सांगायचे, "मी नाही, आमच्या हिने." आणि समोरचा खो खो हसायचा. बारा महिने तेरा काळ थट्टा करणारा माणूस. त्याचं एवढं एकच खरं कोण ऐकणार?

मुलीचं ऐकलं असतं. ती थट्टा करत नसे. वर्गात पहिली यायची, सतत पुस्तकात असायची, तिचा शब्द म्हणजे छापील मजकूर. ती पंधरा वर्षांची असताना शाळेच्या फाटकापाशी एका मैत्रिणीच्या आईने तिला विचारलंही होतं, "काय गं, तुझे बाबा म्हणतात मोटरी तुझी आई भरते. खरं का?" आई शेजारीच उभी होती. नखांत वार्निश काळं बसलेलं. त्या बाईंचे हात गोरेपान होते.

"बाबा काय, काहीही बोलतात," मुलगी म्हणाली.

आईने ऐकलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली. पुढे तेवीस वर्षं दोघींपैकी कोणीही तो विषय काढला नाही. मुलगी मोठी झाली, ढीगभर पुस्तकं वाचली, आईबद्दल अभिमान वाटण्याइतकी शहाणीही झाली. पण ते वाक्य मागे घ्यायचं राहूनच गेलं.

आई जाऊन पंधरवडा झाला आणि पाणीपुरवठा खात्याचे साहेब दुकानात आले. मुलगी अजून माहेरीच होती, बाबांजवळ दुकानात बसली होती. सव्वीस वर्षांपूर्वी मोठ्या पंपाची मोटर जळाली, सगळं शहर दोन दिवस कोरडं पडलं, तेव्हा हेच साहेब नवीन नोकरीवर होते. ती मोटर इथेच भरली गेली आणि परवापरवापर्यंत फिरत होती. आता पंप नवा बसला. जुनी मोटर रंग देऊन पंपघराच्या फाटकाशी ठेवायची ठरली होती, खाली पाटी लावून. पाटीचा मजकूर त्यांनी पुढे केला. त्यावर बाबांचं नाव होतं.

"उस्ताद, तुमच्या हातांची आठवण म्हणून," साहेब म्हणाले. "वहिनींनी मागे घर सांभाळलं म्हणून तुम्ही एवढं करू शकलात. आज असत्या तर धन्य झाल्या असत्या."

बाबांनी कागद वाचला आणि परत दिला. "साहेब, मी तेव्हाही सांगितलं होतं. ती आमच्या हिने भरलीय."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "या दुःखातही तुमची थट्टा सुटली नाही. बरं वाटलं बघा."

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मागत काही नव्हते, नुसतेच पाहत होते. साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशाकडे नेली.

मुलगी उठली.

"साहेब, बाबा थट्टा करत नाहीयेत." तिचा आवाज तिला वाटलं होतं त्याहून शांत निघाला. "ती मोटर माझ्या आईने भरली. मी बारा वर्षांची होते, तिथेच होते. दोन दिवस तिचे हात तारेतून मोकळे झाले नाहीत, म्हणून मी तिला घास भरवत होते. ती एक आकडा म्हणायची आणि तोंड उघडायची."

साहेब बाबांकडे बघू लागले. बाबा मान खाली घालून रडत होते.

"मला हे पूर्वी एकदा विचारलं होतं कोणीतरी. आई शेजारी उभी होती आणि मी खोटं बोलले. मला तिच्या हातांची लाज वाटली होती." तिने हात पुढे केला. "तो कागद द्या इकडे. त्यावर तिचं नाव मी लिहिते. माझी आई मोटरी भरायची, साहेब. या शहरात तिच्याइतकी चांगली मोटर कोणीही भरली नाही."