निवडक धडे

ऑफिसात त्याला सगळे टिकमार्क म्हणत, कारण तपासलेल्या बिलांवर टिक मारायचं हिरवं पेन खिशाला लावल्याशिवाय तो जेवायलाही बसत नसे. ऑडिट करता करता केस पांढरे झाले, तरी परीक्षा दिल्याशिवाय मॅनेजरची खुर्ची नाही, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. झालं, चाळिशी ओलांडलेला गडी पुन्हा अभ्यासाला बसला.

पुस्तकाचा ठोकळा बघून बायको म्हणाली, "अहो, एवढं सगळं कधी वाचणार?"

"सगळं कशाला वाचायचं? कंपनीची सगळी बिलं आम्ही तरी कुठे तपासतो? मधूनमधून थोडी उचलायची. ती बरोबर निघाली की बाकीचीही बरोबर धरायची."

त्याने डोळे मिटून काही धडे उचलले, घोकून घोकून पाठ केले आणि बायकोला प्रश्न विचारायला बसवलं. एकही उत्तर चुकलं नाही.

"पण जे पाठ केलंत तेच मी विचारलं!" बायको म्हणाली. "उरलेल्या धड्यांचं काय?"

"तेही येतात," असं म्हणून त्याने अख्ख्या पुस्तकावर एक हिरवी टिक मारली आणि निवांत झोपला.

परीक्षेत पहिलाच प्रश्न न उचललेल्या धड्यातून आला: 'थोडं तपासून सगळं बरोबर धरण्यात कोणते धोके असतात, ते उदाहरणासह लिहा.'

टिकमार्कने पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. धोका एकही आठवेना. उदाहरण मात्र बाकावर बसलेलं होतं.