तिसरा आवाज

मित्रांनो, मी एक लहानसे, जुने रिव्हॉल्व्हर आहे. माझ्या चक्रात सहा घरे आहेत आणि माझे काडतूस तुमच्या करंगळीच्या नखाहून जाड नाही. मला पाहून कुणी घाबरले नाही, उलट हसलेच जास्त. तरी एका सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात, एका बाईचा जीव माझ्या तीन आवाजांवर टांगला होता. त्यांतला तिसरा आवाज माझ्याकडून निघत नव्हता.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तापवले, कापले, घासले, तेलात बुडवले. मग डब्यात बसून मी रेल्वेने पश्चिमेला आले आणि टॉर्व्हल्ड नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात काचेखाली पडून राहिले. शेजारी मोठी, जड रिव्हॉल्व्हरे होती. गिऱ्हाईक आधी त्यांनाच हात घाले.

मला घ्यायला आर्डिस आली, ती सोबत हकलबेरी, म्हणजे डोंगरातली जांभळी रानफळे, वेचायची रिकामी बादली घेऊनच. उंच, कमी बोलणारी बाई. बरोबर तिची धाकटी बहीण नेवा आणि नेवाचा नवरा मेल्व्हिन.

"हे?" मेल्व्हिनने मला दोन बोटांत उचलले. "मेव्हणीबाई, अस्वल आलं तर याने त्याला गुदगुल्या होतील!"

"अस्वलाला मी दुरूनच ओरडून सांगते की मी आले आहे," आर्डिस म्हणाली. "ते बिचारं निघून जातं. तुला सांगून तू कधी जातोस का?"

नेवा खो खो हसली. टॉर्व्हल्डने मोठे रिव्हॉल्व्हर पुढे केले. "ताकद यात आहे, बाई."

"आहे ना. म्हणूनच ते जड आहे. चार दिवस कमरेला बांधीन, पाचव्या दिवशी गाडीत ठेवून जाईन. आणि नेमकी गरज पडेल तेव्हा हे गाडीत असेल, मी डोंगरात."

मग तिने बादलीत दुकानातले खिळे भरले, मला कमरेच्या पट्ट्याला लावले आणि दुकानभर चालली. उकिडवी बसली, वाकली, बादली या हातातून त्या हातात घेतली. मी तिला कुठे टोचते का, पट्टा ओढला जातो का, हे ती बघत होती. दोन सफरचंदांपेक्षा माझे वजन फारसे जास्त नव्हते. "हे घेते," ती म्हणाली. ताटात एखादा तितर पडावा, वाटेत साप आला तर उपयोग व्हावा आणि वेळ आली तर हाक मारता यावी, एवढेच तिला माझ्याकडून हवे होते.

हाक म्हणजे काय, ते सांगते. त्या डोंगरात सारख्या अंतराने तीन बार झाले, की कुणीतरी संकटात आहे असे समजायचे. ऐकणाऱ्याने उत्तरादाखल एक बार काढायचा आणि निघायचे. एक किंवा दोन बारांकडे कुणी लक्ष देत नाही. शिकारीच्या दिवसांत ते होतच असतात.

पुढची कितीतरी वर्षे मी आर्डिसच्या कमरेला होते. ती पाचच काडतुसे भरी. घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीच्या, खालचे घर रिकामे ठेवी, म्हणजे पडले-आपटले तरी बार उडू नये. घरी आली की मला रिकामे करी, पुसी आणि कुलपाच्या पेटीत ठेवी. मला वाटे, माझे आयुष्य असेच जाणार.

मग एका हिवाळ्यात मेल्व्हिनने मला जनावरांसाठी लावलेल्या सापळ्यांच्या फेरीसाठी मागून नेले. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसला, की त्याच्या हातांना काहीतरी लागे. तो माझा घोडा ओढी आणि चाप दाबी. खट. पुन्हा ओढी. खट. टीव्हीवर कुणी घोड्यावरून पळाले की खट, खट, खट.

"अहो, पुरे ना ते," नेवा स्वयंपाकघरातून म्हणे.

"रिकामं आहे गं. आणि काळजी घेतो मी. झिजू नये म्हणून उडवलेल्या काडतुसांची टरफलं भरून ठेवलीत आत."

टरफले त्याने खरोखर भरली होती, पण पाचच. सहावे घर त्याने सवयीने रिकामे सोडले होते. ती पाच टरफले हिवाळाभर जागची हलली नाहीत आणि दर फेरीला एक ठोका त्या उघड्या घराच्या काठावर बसत राहिला.

माझ्या काडतुसाला पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या मध्यभागी नसतो, बुडाच्या कडेत असतो. घोड्याचा खिळा त्या कडेवर बसतो, कड खालच्या पोलादावर चिमटते आणि बार उडतो. घर रिकामे असले, तर तोच खिळा सरळ पोलादावर आदळतो. माझ्या सहाव्या घराच्या काठाला हळूहळू खड्डा पडला. मी ओरडू शकत नव्हते.

वसंतात मेल्व्हिनने मला परत केले. आर्डिसने नळी पाहिली, तेल पाहिले, चक्र फिरवून पाहिले. काठावरून नख मात्र फिरवले नाही. त्या उन्हाळ्यात मला एकदाही चालवायची वेळ आली नाही आणि तिला त्यात समाधानच होते.

सप्टेंबर उजाडला. उंचावरची शेवटची फळे बाकी होती. वेचणाऱ्यांची छावणी खाली झऱ्याकाठी पडली होती. आपली झुडपे कुठे आहेत, हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही, मग बायको नवऱ्याला कशाला सांगेल?

"कुठे चाललात?" मेल्व्हिनने विचारले.

"वर," नेवा म्हणाली.

"वर म्हणजे?"

"खाली नाही ते."

दुपारपर्यंत दोघींच्या बादल्या भरल्या. मग धुके उतरले. परतताना ओला दगड नेवाच्या पायाखालून सरकला आणि ती दरडीवरून थेट ओढ्यात गेली. आर्डिसने तिला काखेत धरून बाहेर ओढले. पाय गुडघ्याखाली मोडला होता. कपडे निथळत होते आणि पावसात आता बर्फाचे कण होते.

आर्डिसने तिचा ओला कोट काढला, आपला घातला, झाडाच्या बुंध्याशी फांद्या अंथरून तिला त्यांवर निजवले. काड्यापेटी ओली झाली होती.

"आर्डी, तू जा. माणसं घेऊन ये."

"या धुक्यात? खाली पोचेन कदाचित. पण परत येताना हे झाड मला सापडायचं नाही."

"मेल्व्हिनला सांगितलं असतं कुठे जातोय ते..."

"तर उद्या सगळी छावणी इथे असती, बादल्या घेऊन."

"आज आली असती तर चाललं असतं गं," नेवा म्हणाली. दोघी हसल्या, पण नेवाचे दात वाजत होते.

आर्डिसने मला काढले. समोरच्या मातीच्या दरडीवर नेम धरला. एक. थोडे थांबून, दोन. पुन्हा तेवढेच थांबून तिने चाप दाबला.

खट.

तिने मला खाली केले नाही. न फुटलेले काडतूस कधी कधी उशिरा फुटते, म्हणून नळी दरडीकडेच धरून ती श्वास रोखून उभी राहिली. काही झाले नाही. मग तिने पुढचा बार काढला. पण मधले अंतर फार मोठे झाले होते. आम्ही उत्तराची वाट पाहिली. ओढ्याच्या आवाजाशिवाय काही आले नाही.

खाली काय घडले, ते मला नंतर कळले. मेल्व्हिन कॉफी ओतत होता. त्याने दोन बार ऐकले, मग एक. "तितर मारतंय कुणीतरी," तो शेजाऱ्याला म्हणाला. "दोन चुकले बघ, तिसरा लागला." आणि त्याने कप तोंडाला लावला.

वर आर्डिसने चक्र रिकामे केले. खिशातली उरलेली काडतुसे कोटाच्या अस्तराला पुसून भरली. एक बार झाला. दुसऱ्याला पुन्हा खट.

"भिजली असतील," नेवा पुटपुटली. मग ती गप्प झाली. तिची थरथर थांबली होती.

आर्डिसने झटकन वळून पाहिले. थरथरणाऱ्या माणसाचे अंग अजून लढत असते, हे तिला ठाऊक होते. थरथर थांबणे वाईट. "नेवा! बोल माझ्याशी. मेल्व्हिनला शिव्या दे."

"कोणती देऊ," नेवा डोळे मिटून म्हणाली, "सगळ्या देऊन झाल्या."

काडतुसे चार उरली होती आणि त्यांतली दोन एकदा न फुटलेली. कुणीही घाईने भरून पुन्हा चाप ओढला असता. आर्डिसची बोटे बधिर झाली होती, तरी तिने ती दोन काडतुसे डोळ्यांजवळ धरली. ओली असती, तर खिळ्याची खूण तरी खोल दिसली असती. खूण उथळ होती. कड चिमटली नव्हती, नुसती वाकली होती. म्हणजे दोष काडतुसात नव्हता, माझ्यात होता.

तिने मला उलटे धरले आणि एकेका घराच्या काठावरून नख फिरवले. पाच गुळगुळीत. सहाव्याला नख अडकले.

तिने बादलीतले एक फळ त्या काठावर चिरडले. जांभळा डाग पडला. मग डागाचे घर सोडून तिने ओळीने तीन काडतुसे भरली. दोन चांगली, आणि तिसरे एकदा फसलेले, वाकलेला भाग बाजूला फिरवून. चौथे तिने ओठांत धरले.

मित्रांनो, माझ्यात पोलाद आहे, काळीज नाही. तरी त्या वेळी मला काय वाटले ते मला सांगता येत नाही.

एक.

दोन.

घोडा मागे गेला. खिळा कडेवर बसला. कड चिमटली.

तीन.

आवाज धुक्यात विरला. आर्डिस नेवाच्या अंगावर आडवी होऊन तिला मिठीत घेऊन ऐकत राहिली. मग खूप खालून रायफलचा एकच जड आवाज आला.

बाकीचे काम बादलीने केले. नेवाची सगळी फळे ओतून देऊन आर्डिस ती बादली दगडाने बडवत राहिली, माणसे त्या आवाजावर चढत आली. मेल्व्हिन सर्वांत पुढे होता. नेवाला घोंगड्यांत गुंडाळून उचलले, तेव्हा ती बारीक आवाजात म्हणाली, "डोळे मिटून चला रे. ही आमची जागा आहे."

नेवाचा पाय बरा झाला, थोडा आखूड राहिला. ती दवाखान्यात असताना मेल्व्हिन आर्डिसकडे आला. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "आधीचे बार. मला वाटलं तितर."

आर्डिसने माझे चक्र काढून त्याच्या हातात दिले. "काठावरून नख फिरव."

त्याने फिरवले. एक, दुसरे, तिसरे. मग त्याचे नख थांबले.

"खुर्चीत बसून खट खट करत मीच पाडला हा खड्डा," तो म्हणाला.

"हो."

एका कारागिराने तो काठ नीट करून दिला आणि मी पुन्हा आर्डिसच्या कमरेला गेले. नंतर ती म्हातारी झाली आणि मी पेटीत राहिले. आताही तिथेच आहे, रिकामे आणि कुलपात. माझी जागा तीच.

मित्रांनो, माझ्यासारखे काही तुम्हाला कुठे दिसले, तर हात लावू नका. मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठे झाल्यावर ज्या वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून असेल, मग तो दोर असो, होडी असो की दिवा, तिच्याशी चाळा करू नका. आम्ही दुखले तरी सांगत नाही. दुसऱ्याकडून परत आलेली वस्तू नीट तपासून घ्या. त्या दिवशी एका माणसाला त्याच्या बायकोसाठी मारलेली हाक ऐकू आली होती, आणि तरी तो कॉफी पीत बसून राहिला. कारण ती हाक माझ्या तोंडून अर्धीच निघाली होती.