तुऱ्यावरची पिशवी

मी एक जुनी कापडी पिशवी आहे, आणि मित्रांनो, माझे जुने होणे हीच माझी चूक आहे.

मक्याच्या तुऱ्यावर मला बांधत. तुऱ्यातले परागकण वाऱ्यावर उडू नयेत, एवढेच माझे काम. पण तो पिवळा मका साधासुधा नव्हता. संशोधक बाईंनी त्यात एका जिवाणूचा गुण आणून बसवला होता. पान कुरतडले की अळी दोन दिवसांत आडवी व्हायची. फवारणी करणारे मामा म्हणायचे, "बाई, यंदा फवारा खुंटीलाच टांगलाय. डोळ्यांची आग पार गेली बघा!" ते ऐकून मी तुऱ्यावर ऐटीत फुगायचे.

दर हंगामाला नवी पिशवी, असा बाईंचा नियम होता. पण भांडारातले काका पक्के चिक्कू. "फाटली का? नाही ना? मग धुवा आणि बांधा!" अशी मी पाच हंगाम टिकले. नव्या पिशव्यांपुढे तोरा मिरवला. पाचव्या हंगामात माझी शिवण उसवली, तेही मी मनावर घेतले नाही.

कुंपणापलीकडे एका आजोबांचा पांढरा मका होता. चाळीस वर्षे ते घरचेच बियाणे राखत आले होते. त्या वर्षी त्यांनी कणीस सोलले, तर पांढऱ्या दाण्यांत सात पिवळे दाणे! ते थेट बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, हे तुझं ना?"

काकांनी बाईंना गप्प राहण्याची खूण केली. बाईंची बारा वर्षांची मेहनत पणाला लागली होती. त्यांनी दाणे तपासले आणि मान खाली घातली.

"हो आजोबा, आमचंच. याच्या खाण्याच्या चाचण्या अजून व्हायच्यात. यंदाचं बियाणं धरू नका."

आजोबांनी विचारले, "मग माझं वाण संपलं?"

"संपेल कसं? दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडून डबाभर मागून नेलं होतं. थंड खोलीत जपून ठेवलंय."

बाईंनी स्वतःच वरपर्यंत कळवले. वर्षभर प्रयोग थांबला. मामा हिरमुसले. "म्हणजे हा मका कायमचा बंद?"

"बंद कशाला? मका चांगलाच आहे, मामा. गलथानपणा आपला."

आता प्रयोगाचे शेत कुंपणापासून लांब आहे आणि पेरणीही वेगळ्या वेळी होते. आजोबांचा पांढरा मका पुन्हा डोलतो आहे. मी भांडाराच्या दारावर टांगलेली असते. काकांनीच टांगले मला. नव्या पिशव्या काढताना ते माझ्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून पाहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका. मी उलटे मागते. नवे बियाणे जरूर पेरा, पण माझ्यासारखीला वेळेवर फेकून द्या.