टाकीचा निरोप कुणी अडवला?

मुरुडच्या दूध शीतकरण केंद्रात त्या सकाळी दुधापेक्षा माणसंच जास्त जमली होती. टाकीच्या पॅनलसमोर पाट, पाटावर लिंबू आणि लिंबामागं संदेशानंद महाराज. महाराज ‘ऑनलाइन बाधा’ काढतात, अशी त्यांची ख्याती होती. पसरवली त्यांनीच. मी जनावरांचा डॉक्टर. असली बाधा कधी पाहिली नव्हती, म्हणून थांबलो.

झालं होतं असं. टाकीतलं दूध तापू लागलं, की केंद्राचे मालक मल्लिनाथप्पा यांच्या मोबाइलवर आपोआप ई-मेल जायचा. ही सोय ऑपरेटर अश्वजितनं बसवलेली. पण दोनदा कॉम्प्रेसर बंद पडला, ई-मेल काही दिसला नाही आणि टाकीभर दूध नासलं.

“ई-मेल आकाशमार्गे जातो,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “वाटेत राहू बसलाय. सर्व्हरशांती करावी लागेल.”

त्यांनी पॅनलवर भस्म फुंकलं, ‘वायफायाय स्वाहा’ असं काहीतरी पुटपुटले आणि अप्पांचा मोबाइल टुणकन वाजला. ई-मेल! ‘टाकीचे तापमान उत्तम.’ लोकांनी हात जोडले. दूध घालायला आलेल्या नागुबाईंनी तर टाकीलाच नमस्कार केला.

“आता कायमचा उपाय.” महाराजांनी अश्वजितकडं बोट केलं. “याची सावली यंत्राला चालत नाही. काढा याला.”

सावली कुणाची आणि का चालत नाही, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. माझं डोकंच भडकलं. अश्वजितच्या पगारावर त्याचं घर चालत होतं.

“पोरगं कामाचं हाय,” अप्पा चाचरत म्हणाले, “पण महाराज म्हणून राहिले तर...”

“अप्पा, मोबाइल द्या जरा.” अश्वजितची बहीण बुद्धप्रिया पुढं झाली. नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, भावासाठी आली होती. “हा ई-मेल टाकीचा न्हाईच. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, ‘संदेशकृपा’.”

सगळ्या माना मागं वळल्या. दाराशी उभा असलेला महाराजांचा शिष्य घाईघाईनं मोबाइल खिशात कोंबत होता.

बुद्धप्रियानं स्पॅमचा कप्पा उघडला. टाकीचे सगळे इशारे तिथं पडून होते, दूध नासलं त्या दोन्ही दिवसांचेसुद्धा.

“अप्पा, तुम्ही काही दाबलं होतं का?”

अप्पांनी कपाळ चोळलं. “रोज संध्याकाळी टाकी गरम पाण्यानं धुतेत. तवाच मी लिंगपूजेला बसतो. पाण्यानं टाकी तापली की ह्ये टुणटुण सुरू! एकदा वैतागून ‘स्पॅम’ दाबलं. मला वाटलं, गप बसवायचं बटण हाय.”

“तेव्हापासनं मोबाइल टाकीचा प्रत्येक ई-मेल कचऱ्यात टाकून राहिला.”

तिनं ते ई-मेल स्पॅममधून बाहेर काढले. अश्वजितनं तापमान मोजणारी कांडी गरम पाण्यात बुडवली. मोबाइल वाजला. ‘तापमान वाढले!’ या वेळी पत्ता टाकीचा होता. महाराज एव्हाना जीपमध्ये बसले होते.

“चुकलं रे माझं,” अप्पा म्हणाले.

अश्वजितनं कांडी पुसून जागेवर ठेवली. “दूध नासलं त्याचं सोडा, अप्पा. मोबाइल तुमच्या खिशात होता. त्यो बघायच्या आधी माझी सावली कशी दिसली तुमाला?”

अप्पांनी पाटावरचं लिंबू उचललं आणि बाहेर भिरकावलं.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर यंत्र तपासा. उपाय म्हणून कुणी माणसाकडं बोट दाखवलं, तर ते बोट तिथंच धरा आणि पुरावा मागा.