हिरव्या झाकणाचा कॉम्प्युटर

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई मी सात वर्षांची असल्यापासून सांगत आलीये. ऐकलं नाही, आता भोगतेय.

झालं असं, छापखान्याच्या मालकांनी मला घरी बसून पुस्तकं टाइप करायचं काम देऊ केलं. अट एकच, सोमवारी सकाळी घरात कॉम्प्युटर हवा. अशा कामासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या मी. दुकानात एकच नग उरला होता, तो आम्ही सांगून ठेवला.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी कॉम्प्युटर आणला आणि जिन्यात मला विचारलं, "तुम्हाला जमेल का हो शिकायला?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "घाई केलीत वहिनी. पुढच्या महिन्यात निम्म्या किमतीचा येतोय. हिरव्या झाकणाचा. माझ्या मावसभावाच्या कंपनीतच बनतोय." मला मावसभाऊच नाही. हिरवा सुचला, कारण हातात हिरव्या लोकरीचा गुंडा होता.

शनिवारी संध्याकाळी नवरा हसत हसतच घरात शिरला. "अगं, वाचलो आपण. आपला नग मी सोडून दिला. दुकानदाराने लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलासुद्धा."

"सोडला? का?"

"ऑफिसात सगळे तेच बोलतायत. पुढच्या महिन्यात निम्म्या किमतीचा येतोय. हिरव्या झाकणाचा."

चार दिवसांत माझी थाप जिना उतरून, गावभर हिंडून माझ्याच घरात परत आली होती. नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनींकडे जा. हातापाया पड, पण सोमवारपासून त्यांचा वापरायला माग."

गेले. त्यांचं टेबल रिकामं होतं. धुळीत तेवढा एक स्वच्छ चौकोन दिसत होता.

वहिनींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यामुळे वाचले हो. कंपनी आठ दिवसांत परत घेते, म्हणून कालच पार्सल करून पाठवून दिला. मी त्या दिवशी तुम्हाला इतकं लागेल असं बोलले, तरी तुम्ही माझ्या भल्याचंच सांगितलंत."

लाज वाटली. खरं सांगायचा धीर मात्र झाला नाही. तशीच घरी आले.

सोमवारी छापखान्यात फोन केला. म्हटलं, "कॉम्प्युटर यायला जरा उशीर होतोय."

"हिरव्या झाकणाचा का?" मालक हसले. "मग तो आला की या. काम मी दुसऱ्या एका बाईंना दिलंय. शनिवारी दुकानातला शेवटचा नग मिळाला म्हणे त्यांना. असल्या अफवांवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणाल्या."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.